पित्ताशयातील खडे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल : पार्श्वभूमी

सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला की बरेच जण आधी रक्तातील कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट शोधतात आणि तो आकडा नॉर्मल निघाला की बुचकळ्यात पडतात. वास्तविक कोलेस्टेरॉल प्रथम सापडले ते पित्तखड्यांतच. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पुलेतिए द ला साल यांनी ते खड्यांतून वेगळे काढले. १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी, अल्कलीत उकळूनही त्याचा साबण होत नाही, म्हणजे ही नेहमीची चरबी नव्हे, असे दाखवून दिले. रक्तात ते असल्याचे बुदे यांनी सांगितले, तेव्हा १८३३ साल उजाडले होते.

खडे का होतात, याबाबत पुढे बराच काळ जर्मन डॉक्टरांत वाद चालला. १८९२ मध्ये नॉनिन यांनी साचलेले पित्त आणि जंतुसंसर्ग यांना दोष दिला, तर आशॉफ यांच्या मते दाह नसतानाही कोलेस्टेरॉलचा खडा बनू शकत होता. निर्णायक उत्तर १९६८ मध्ये बोस्टनच्या अ‍ॅडमिरँड आणि स्मॉल यांच्याकडून आले. कोलेस्टेरॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पित्तक्षार (यकृतात बनणारे, चरबी विरघळवणारे क्षार) आणि लेसिथिन (एक स्निग्ध पदार्थ) त्याला पित्तात धरून ठेवतात. या तिघांचे प्रमाण त्यांनी त्रिकोणी आलेखावर मांडले आणि कोणत्या मर्यादेपलीकडे कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटू लागतात, ते दाखवले. म्हणजे प्रश्न रक्तातील आकड्याचा नसून यकृत पित्तात किती कोलेस्टेरॉल सोडते, याचा होता. पित्ताशय सुस्त असेल, तर त्या स्फटिकांना वाढायला सवड मिळते.

याचा पुरावा एका औषधाने जरा महागात पडून दिला. क्लोफायब्रेट रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते सुमारे ९ टक्क्यांनी उतरले खरे, पण औषध घेणाऱ्यांत पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या, कारण रक्तातून हटलेले कोलेस्टेरॉल पित्तात उतरत होते. झपाट्याने वजन घटवणाऱ्यांतही खडे वाढतात, तेही काहीसे याच वाटेने. रक्त तपासणीत खड्यांशी अधिक जुळणारी खूण दिसते ती वाढलेल्या ट्रायग्लिसराइडची (रक्तातील एक चरबी) आणि कमी एचडीएलची (ज्याला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात). एकूण कोलेस्टेरॉलची नव्हे.

अर्थात हे सारे कोलेस्टेरॉलच्या पिवळट खड्यांपुरते आहे. काळे खडे मुख्यतः बिलिरुबिन या पित्तातील रंगद्रव्यापासून बनतात, आणि दक्षिण भारतात अशा रंगद्रव्याच्या खड्यांचे प्रमाण उत्तरेपेक्षा जास्त आढळते.