तेल-वायू प्रकल्पाची जनसुनावणी: हरकत कोण, कुठे आणि कशी नोंदवू शकतं?

रिफायनरी असो वा तेल-वायू उत्पादनाचा प्रकल्प, प्रदूषण आणि उत्सर्जन कसं आवरणार याचा आराखडा कंपनीला मंजुरीआधी लोकांसमोर ठेवावा लागतो. 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत ही तरतूद आहे. मात्र 16 जानेवारी 2020 च्या दुरुस्तीने तेल-वायूचं फक्त शोधकार्य 'ब-2' या ईआयए अहवाल न लागणाऱ्या गटात टाकलं आणि त्यासाठीची जनसुनावणी गेली. माझ्या मते हे चुकीचं झालं, कारण धोका पहिल्या विहिरीपासूनच सुरू होतो. प्रत्यक्ष उत्पादन आणि रिफायनरी मात्र अजूनही 'अ' गटात, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत आहेत. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना सुनावणीतून सूट मिळू शकते, तेव्हा जागा कुठली आहे ते आधी तपासा.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. सूचना एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते, आणि हरकतींसाठी किमान 30 दिवस मिळतात. ईआयएचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. त्याचा सारांश मराठीतही मिळायला हवा. नसेल तर लगेच लेखी मागा आणि पोच घ्या.

बोलायला कुठलंही पात्रता प्रमाणपत्र लागत नाही. सुनावणीला आलेली कोणीही व्यक्ती प्रश्न विचारू शकते. येता न येणाऱ्यांनी मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी. कागदपत्रांची सक्ती नाही, तरी आपला संबंध दाखवणारा एखादा कागद जोडलात तर हरकतीला वजन येतं: शेतकऱ्याने सातबारा, मच्छीमाराने बोटीची नोंदणी किंवा सोसायटीचा दाखला, गावाने ग्रामसभेचा ठराव.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो प्रश्नांना. "प्रकल्प नको" एवढंच लिहिलेली हरकत एका ओळीच्या उत्तरात निकालात निघते. पान क्रमांक देऊन विचारलेल्या प्रश्नाला कंपनीला उत्तर द्यावंच लागतं. उदाहरणार्थ असं लिहा:

"अहवालाच्या पान क्र. … वर फ्लेअरिंगचा (नको असलेला वायू जाळून टाकण्याचा) उल्लेख आहे. रोज किती घनमीटर वायू जाळला जाईल? व्हॉल्व्ह आणि जोडांतून होणारी मिथेनगळती कितीदा आणि कोणत्या उपकरणाने तपासणार? ते आकडे ग्रामपंचायतीला कधी देणार?"

मिथेनचा प्रश्न वगळू नका. 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडकवतो, आणि गळती डोळ्यांना दिसत नाही. ड्रिलिंगच्या गाळाची आणि विहिरीतून तेलासोबत येणाऱ्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाट कुठे लावणार, हेही विचारा. आपत्ती आराखडा तर मागाच. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात 3 सप्टेंबर 2019 रोजी लागलेल्या आगीत चौघांचा जीव गेला. आसाममधल्या बाघजानला 27 मे 2020 रोजी विहिरीतून अनियंत्रित वायू उसळला, 9 जूनला आग लागली आणि ती विहीर पूर्ण बंद करायला नोव्हेंबर उजाडला. तिथल्या गावकऱ्यांना घरं सोडावी लागली.

सुनावणीचं चित्रीकरण होतं. इतिवृत्त त्याच दिवशी स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे, म्हणून शेवटपर्यंत थांबा. आपला मुद्दा सुटला असेल तर तिथेच उभं राहून तो नोंदवायला सांगा.

मंजुरी मिळाल्यावरही काम संपत नाही. कंपनीला दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल सादर करावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज असतो, आणि मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास कोणालाही त्याची प्रत मिळते. या अहवालातले फ्लेअरिंगचे आकडे मूळ ईआयएतल्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर ती कळवली गेल्यापासून 30 दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करावं लागतं. पुरेसं कारण दाखवल्यास आणखी 60 दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे.