बंदीपूरला एक रात्र का? आमच्या नेपाळ सहलीच्या प्रवाशांसाठी

सहलीचा कार्यक्रम हातात पडला की एक फोन हमखास येतो. "काठमांडूहून पोखऱ्याला जाताना बंदीपूर वाटेवरच आहे ना? मग जेवायला थांबू, गाव बघू आणि पुढे निघू. एक मुक्काम वाचेल."

सुरुवातीच्या काही सहलींत आम्ही हे ऐकलेही. पण तसे होत नाही. काठमांडू ते डुम्रे, म्हणजे बंदीपूरचा फाटा फुटतो ते गाव, हे अंतर साधारण 135 किलोमीटर. मात्र पृथ्वी राजमार्गावर कुठे रुंदीकरण, कुठे ट्रकांची रांग, त्यामुळे वेळेचा भरवसा नाही. डुम्रेपासून वर आठ किलोमीटरचा घाट. माणसे पोहोचतात तेव्हा ऊन टळटळीत असते आणि हिमशिखरे ढगांत गेलेली असतात. घाईघाईने जेवण, चार फोटो, परत तोच घाट आणि पोखऱ्यात शिरायला रात्र. अशी मंडळी परत आल्यावर म्हणतात, "एक गल्ली आहे, ठीक आहे." आम्हाला याचे फार वाईट वाटते, कारण बंदीपूर त्यांनी पाहिलेलेच नसते.

ही गल्ली म्हणजे एकेकाळची व्यापारी पेठ. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीनारायण शाहांनी काठमांडू खोरे जिंकल्यानंतर त्या खोऱ्यातल्या भक्तपूरचे नेवार समाजाचे व्यापारी या डोंगरधारेवर येऊन वसले. खालच्या तराईत मलेरिया, वर मोकळी हवा, आणि भारत-तिबेट व्यापाराची वाट जवळ. पुढे मलेरिया आटोक्यात आला, 1970च्या दशकात राजमार्ग खालून गेला, जिल्ह्याचे ठाणेही दमौलीला हलले आणि व्यापार उतरला. म्हणूनच जुनी विटांची घरे, कोरीव लाकडी खिडक्या आणि फरसबंदी रस्ता टिकून राहिला. दुपारी इथे पर्यटकांची वर्दळ असते; संध्याकाळी ती पांगली की घरातली म्हातारी माणसे ओट्यावर येऊन बसतात. गाव तेव्हा बघावे.

पहाटेसाठी तर मुक्काम हवाच. अंधारातच निघून ठाणीमाईच्या टेकडीवर चढायचे. पायऱ्या दमवतात, पण अर्ध्या-पाऊण तासात वर पोहोचता येते. खाली मर्स्यांगदी नदीचे खोरे धुक्याने भरलेले, समोर अन्नपूर्णा, माछापुच्छ्रे, मनास्लू. गुडघ्यांची तक्रार असेल त्यांनी तुंडीखेल मैदानाच्या कड्यावर बसावे, तिथूनही उत्तम दिसते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटे पुढे असते, तेव्हा गजर मोबाईलच्या नेपाळी वेळेनेच लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश सर्वांत स्वच्छ असते. पावसाळ्यात राजमार्गावर दरडी कोसळतात, म्हणून त्या महिन्यांत आम्ही ही सहल नेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

सामानाचे एवढे ऐका. बाजारपेठेत गाड्यांना बंदी आहे. गाडी वेशीपाशी थांबते आणि पुढे दगडी रस्त्यावर चाकांची मोठी बॅग ओढवत नाही. एका रात्रीपुरती छोटी पिशवी वेगळी भरा, बाकी सामान गाडीत राहू द्या. ज्येष्ठांच्या पिशव्यांसाठी स्थानिक भरिया, म्हणजे हमाल, आम्ही आधीच सांगून ठेवतो. त्याचे पैसे सहलीच्या दरात धरलेले आहेत.

सिद्ध गुफा मोठी आणि देखणी आहे, पण गावातून उतरायला दीड तास लागतो आणि आत ओल असते. ती आम्ही ऐच्छिक ठेवली आहे. खड्गदेवीच्या देवळात पाल्पाच्या मुकुंद सेन राजाची तलवार पूजली जाते. ते नेपाळी दसऱ्यातल्या फूलपातीला, म्हणजे सातव्या दिवशी, उघडते, इतर वेळी बाहेरूनच नमस्कार.

जेवणात 'बारा' जरूर खा. उडदाच्या डाळीचा जाडसर घावन म्हणा ना! शाकाहारींनी साधाच मागावा, कारण त्यावर अंडे किंवा खिमाही घालतात.

आमचा मुक्काम पेठेतल्याच नेवारी घरात असतो. खोल्या मोजक्या आहेत, जिना अरुंद. तळमजल्याची खोली हवी असेल तर नोंदणी करतानाच सांगा.