घोड्यांचा फ्लू कुत्र्यांमध्ये कसा शिरला?

जानेवारी 2004. फ्लोरिडात शर्यतीच्या एका मैदानावर 22 ग्रेहाउंड कुत्री आजारी पडली. चौदा कुत्र्यांना ताप आला, मग दहा ते चौदा दिवस ठसका लागून राहिला आणि ती सावरली. उरलेली आठ मात्र गेली, त्यांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला होता. तपासणीत सापडला तो घोड्यांचा इन्फ्लुएन्झा, म्हणजे फ्लूचा एच3एन8 हा प्रकार. घोड्यांमध्ये तो प्रथम ओळखला गेला 1963 साली, तोही फ्लोरिडातल्याच मायामीत. चाळीस वर्षं घोड्यांत फिरलेला विषाणू जवळजवळ जसाच्या तसा कुत्र्यांत आला होता.

हे जमलं कसं? इन्फ्लुएन्झाला पेशीत शिरायचं तर तिच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्लाला चिकटावं लागतं. हे आम्ल पेशीवरच्या साखरेच्या साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं. माणसाच्या घशात आणि श्वासनलिकेत एक तऱ्हा जास्त, तर पक्ष्यांच्या आतड्यात आणि घोड्याच्या श्वासनलिकेत दुसरी. कुत्र्याच्या श्वासनलिकेतही ही दुसरीच तऱ्हा भरपूर असते. म्हणजे घोड्याच्या विषाणूला कुत्र्याच्या घरचं कुलूप फारसं परकं नव्हतं.

पण मला खरी गोष्ट त्यापुढची वाटते. शिरणं सोपं, टिकणं अवघड. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांत फ्लूची मोठी साथ आली, तेव्हा तबेल्याजवळच्या कुत्र्यांनाही लागण झाली. पण कुत्र्याकडून कुत्र्याकडे ती पसरली नाही आणि तिथेच विझली. अमेरिकेत मात्र विषाणूला निवारागृहं मिळाली: शेजारी-शेजारी पिंजरे, एकच पाण्याचं भांडं आणि रोज नवं कुत्रं दाखल. फ्लू तिथे मुक्काम करून राहिला. घरात एकटं वाढणारं कुत्रं त्याच्या फारसं उपयोगाचं नव्हतं. म्हणूनच असेल, 2016 नंतर कुत्र्यांचा एच3एन8 तिथे आढळल्याची नोंद नाही.

त्याची जागा दुसऱ्याने घेतली. कोरिया आणि चीनमध्ये पक्ष्यांकडून कुत्र्यांत आलेला एच3एन2 विषाणू 2015 साली शिकागोत पोहोचला आणि हजारावर कुत्री आजारी पडली. पुढे तो मांजरांनाही लागला. कुत्र्यांच्या या दोन्ही फ्लूंची माणसाला लागण झाल्याचं मात्र आजवर आढळलेलं नाही.

आपल्याकडे काळजी आहे ती एच5एन1ची, म्हणजे बर्ड फ्लूची. नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात 2024च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानेच दगावले. थायलंडमध्ये 2004 साली मेलेलं बदक खाऊन एक कुत्रा याच विषाणूने गेला होता. फिरायला नेताना माझा हात पट्ट्यावर घट्ट असतो तो याचमुळे. तळ्याकाठी मेलेला पक्षी दिसला की कुत्र्याचं नाक आधी तिकडे वळतं. तुमचं कुत्रं असं काही चघळून आलं आणि खोकू लागलं, तर दवाखान्यात नेण्याआधी फोन करा आणि पक्ष्याचं डॉक्टरांना आधी सांगा. आत बोलावेपर्यंत त्याला इतर कुत्र्यांपासून दूर, बाहेरच थांबवा.