शेजारविजेचा व्यवहार

शेजारविजेचा व्यवहार : एका इमारतीच्या गच्चीवर तयार होऊन उरलेली सौर वीज जवळच्याच इमारतीने विकत घेण्याची पद्धत. सौदा माणसे करत नाहीत. प्रत्येक इमारतीच्या वतीने एक संगणकीय एजंट, म्हणजे स्वतःहून निर्णय घेणारा प्रोग्रॅम, बोली लावतो. देशाच्या वीजबाजारात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग असतात. एजंटलाही असाच भागागणिक अंदाज बांधावा लागतो : ऊन किती, लिफ्ट-एसी किती, बॅटरीत काय शिल्लक. समजा, वीज कंपनी उरलेल्या युनिटला ३ रुपये देते आणि शेजाऱ्याला तेच १० रुपयांना पडते, तर ६-७ रुपयांत दोघांचेही भले होते.

पुण्यात याला सर्वांत सोयीची जागा म्हणजे बाणेर-बालेवाडी, कारण तिथे सोसायट्या आणि कार्यालये एकमेकांना लागून आहेत. कामाच्या दिवशी दुपारी घरे रिकामी आणि कार्यालयांतले एसी जोरात, म्हणून वीज सोसायटीकडून कार्यालयाकडे जाईल. शनिवार-रविवारी उलटे : कार्यालय बंद, त्याच्या गच्चीवरची वीज सोसायटीच्या वॉशिंग मशीनना. पाण्याच्या पंपाचे महत्त्व मात्र सहसा कोणी ओळखत नाही. महापालिकेचे पाणी ठरल्या वेळी जमिनीखालच्या टाकीत येते. ते गच्चीवरच्या टाकीत कधी चढवायचे हे सोसायटीच्या हाती असते. एजंटने पंप पहाटेऐवजी दुपारी एकला लावला, तर ती टाकीच बॅटरीचे काम करते, तेही जादा खर्चाविना.

प्रत्यक्षात वीज तारेतून जवळच्या वापराकडेच वाहते, सौदा हिशेबात होतो. तारा आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) महावितरणचे. विद्युत अधिनियम, २००३ नुसार विजेचे वितरण वा व्यापार करायला परवाना लागतो, त्यामुळे नियामक आयोगाच्या मान्यतेशिवाय दोन सोसायट्यांना असा बाजार मांडता येत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ साली शेजाऱ्यांमध्ये असा व्यवहार झाला. भारतात लखनौमध्ये प्रयोग झाला आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून नेट मीटरिंग आहे. घरगुती ग्राहकाने दुपारी ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेले युनिट त्यात रात्रीच्या वापरातून वजा होते. ग्रिड असे बिनखर्चाचे कोठार बनले की शेजाऱ्याला वीज विकण्याची ओढ उरत नाही. दुपारचे आणि संध्याकाळचे युनिट वेगळ्या भावाचे झाले, तरच एजंटला खरे काम मिळते. पावसाळ्यात मात्र ढग सगळ्या गच्च्यांवर एकदमच येतात; तेव्हा विकायला फारसे काही कोणाकडेच नसते.