व्हॅनिलाचा वास आणि साखरेची गाठ

गोव्यात फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, वेलीवरची व्हॅनिलाची हिरवी शेंग तोडून हुंगली, तर तो ओळखीचा वास येत नाही. वासाचा रेणू, व्हॅनिलिन, शेंगेत तयार असतो. पण ग्लुकोजशी बांधलेला. शेंगा गरम पाण्यात बुचकळून, उन्हात तापवून, कापडात गुंडाळून ठेवल्या की शेंगेतलंच एन्झाइम ती गाठ सोडवतं आणि मग घमघमाट सुटतो.

त्याआधीचे कष्ट वेगळेच. फूल एकच सकाळ उमलतं. आतला पडदा काडीने उचलून पराग हाताने लावावा लागतो आणि शेंग पिकायला ८-९ महिने जातात. म्हणून यीस्टकडे लक्ष गेलं.

२००९ साली पावाच्या यीस्टने साखरेपासून व्हॅनिलिन केलं. ॲरोमॅटिक (रेणूत कार्बनचं कडं असलेल्या) अमिनो आम्लांच्या वाटेवर यीस्ट डीहायड्रोशिकिमेट नावाचा रेणू बनवतंच. पुढच्या पायऱ्यांसाठी त्यात बाहेरची जनुकं घातली: शेणावर वाढणाऱ्या एका बुरशीचं जनुक त्याचं प्रोटोकॅटेच्युइक आम्ल करतं, नोकार्डिया जिवाणूचं जनुक त्या आम्लाचं अल्डिहाइड करतं आणि माणसाचं एक जनुक त्यावर मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) बसवतं, की झालं व्हॅनिलिन. माणसाचं म्हणजे फक्त त्या जनुकाचा आराखडा घेतलेला. यीस्ट वाढवायच्या पिंपात माणसाचा अंश नसतो.

मधली पायरी फसवी आहे. नोकार्डियाचं एन्झाइम यीस्टमध्ये तयार होतं, पण निजलेलं राहतं. त्याला जागं करणारं आणखी एक एन्झाइम, कोरिनेबॅक्टेरियम जिवाणूचं, सोबत घालावं लागतं. मिथाइल गट शेजारच्या जागी बसला तर आयसोव्हॅनिलिन होतं; त्याला तो वास नाही. शिवाय यीस्ट स्वतःच व्हॅनिलिनचं अल्कोहोल करून टाकतं. ते करणारं जनुक काढून टाकावं लागतं.

एवढं करूनही हाती आलं लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. त्यात व्हॅनिलिन यीस्टला विषारी: लिटरला अर्धा ग्रॅम झालं तरी वाढ खुंटते. इथे वेलीचीच युक्ती कामी आली. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाचं जनुक घातलं की यीस्ट व्हॅनिलिनला ग्लुकोज बांधतं. बांधलेलं व्हॅनिलिन त्याला कितीतरी जास्त सोसतं, शेवटी एन्झाइमने गाठ सोडवायची.

पिंपात साखर थेंबाथेंबाने सोडावी लागते. एकदम ओतली तर भरपूर हवा असूनही यीस्ट दारू करत बसतं आणि साखर वाया जाते.

पिंपातून येतो तो एकच रेणू. शेंगेत त्याच्या जोडीला दोनशेहून जास्त संयुगं असतात. जाणकाराला फरक कळतो तो त्यांच्यामुळे, आणि कुळागरातल्या शेंगेची खरी किंमत तिथेच आहे.