विशेष गरजा असलेल्या मुलासोबत क्रूझ: बुकिंगच्या आधी वाचावं असं

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, एपिलेप्सी, डाउन सिंड्रोम किंवा एडीएचडी असलेल्या मुलाला घेऊन क्रूझला जाण्याचा विचार करणाऱ्या पालकांसाठी, क्रूझचं बुकिंग करून देणाऱ्या आमच्या संस्थेचं हे पत्रक आहे. अशा कुटुंबाला क्रूझ बऱ्याचदा बस-टूरपेक्षा सोयीची पडते. बॅगा एकदाच उघडायच्या. रोज तोच पलंग, तेच बाथरूम, जेवणाला तेच टेबल. मूल कंटाळलं किंवा बिथरलं तर पाच-दहा मिनिटांत आपल्या खोलीत परतता येतं. अडचणी बहुतेक पहिल्या दिवशीच येतात. रांगा, तपासणी, भोंगा, उशिरा येणारं सामान असं सगळं सहा-सात तासांत अंगावर येतं, आणि एरवी शांत असणारं मूलही तिथे कोलमडतं. म्हणून या पत्रकातला बराचसा मजकूर पहिल्या दिवसाचा आणि त्याच्या तयारीचा आहे.

कुठली सफर, किती दिवसांची

पहिली सफर दोन किंवा तीन रात्रींचीच घ्या, त्याहून मोठी नको. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ यासाठी चांगली. विमान नाही, व्हिसा नाही आणि घड्याळही बदलत नाही. पश्चिम किनाऱ्यावरचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारीत समुद्र बराच शांत असतो, तेव्हा तारीख याच महिन्यांतली निवडा. लक्षद्वीपची सफर सुंदर आहे, पण तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच छोट्या बोटीत उतरावं लागतं. व्हीलचेअरवरच्या किंवा अचानक उडी मारणाऱ्या मुलासाठी ती पहिली सफर म्हणून आम्ही सुचवत नाही.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने एकदा जाऊन या. प्रवास साधारण तासाभराचा आहे. रांग, इंजिनाची घरघर, डेकवरचा वारा, पायाखालची हलकी हालचाल, माणसांची गर्दी हे सगळं थोड्या प्रमाणात तिथे अनुभवता येतं. मूल कुठे अडलं ते कागदावर लिहून आणा: रांगेत अडलं, जिना चढताना अडलं, की भोंगा वाजल्यावर? त्यावरून पुढची निम्मी तयारी ठरते. मुलाला बोट लागते का, हेही तिथेच कळतं.

फॉर्ममध्ये नेमकं काय लिहायचं

क्रूझ कंपन्यांचा विशेष गरजांचा एक फॉर्म असतो. बहुतेक कंपन्या तो जहाज सुटण्याच्या किमान ३० दिवस आधी मागतात. आम्ही ६० दिवस आधी पाठवतो, कारण उत्तर आलं नाही तर पाठपुरावा करायला वेळ हवा. या फॉर्मवर ‘स्पेशल चाइल्ड, कृपया सहकार्य करावे’ एवढंच लिहून भागत नाही. जहाजावरच्या माणसाला त्यातून करायचं काय ते कळत नाही. असं लिहा:

‘मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे. बोलत नाही, चित्रकार्ड दाखवतो. सांगितलेलं समजतं, उत्तराला दहा सेकंद लागतात. मोठा आवाज झाला की कान झाकून खाली बसतो. अशा वेळी हात धरून ओढू नये, आईवडिलांना जवळ येऊ द्यावं. पाण्याकडे धावतो. रांगेत १५ मिनिटांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही.’

यातल्या प्रत्येक वाक्यावर कुणीतरी काहीतरी करू शकतं. शेवटच्या वाक्यावरून आधी चढू देण्याची व्यवस्था होते, त्याच्या आधीच्या वाक्यावरून केबिन बदलून मिळते. उत्तर लेखी घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. धक्क्यावरच्या माणसापर्यंत ई-मेल पोहोचलेली असतेच असं नाही.

यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र), डॉक्टरांचं पत्र आणि आधार यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स बरोबर असू द्या. रेल्वेत मिळते तशी दिव्यांग सवलत क्रूझवर सहसा नसते. सोबत येणाऱ्या मदतनीसाचंही पूर्ण तिकीट पडतं, तेव्हा खर्चाचा हिशेब तसाच धरा.

केबिन

जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन सगळ्यात कमी हलते. डेकचा नकाशा मागून घ्या आणि केबिनच्या वर-खाली काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत भिंतीला ठोके जाणवतात. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील, तर ती जागा चांगली.

मूल चढाऊ असेल तर बाल्कनीची केबिन घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळाली तरी. बाल्कनीत खुर्च्या असतात, आणि खुर्चीवर उभ्या राहिलेल्या मुलाला कठडा पुरत नाही. न उघडणाऱ्या खिडकीची केबिन घ्या. उजेड येतो, क्षितिज दिसतं, आणि बोट लागणाऱ्या मुलाला क्षितिज दिसल्याने बरं वाटतं. बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवे मालवले की गडद अंधार होतो. काही मुलं तिथे छान झोपतात. पण दिवस-रात्र कळली नाही की गोंधळणारी मुलं पहाटे तीनला उठून बसतात. घरी एक रात्र खोली पूर्ण काळोखी करून पाहिली की अंदाज येतो.

व्हीलचेअर असेल तर टेप घेऊन तिची रुंदी मोजा, हाताने फिरवायच्या बाहेरच्या कड्यांसकट. आपल्याकडची नेहमीची घडीची खुर्ची २४ ते २६ इंच भरते. साध्या केबिनचं दार मात्र २३ इंचांच्या आसपास असतं, आणि बाथरूमला उंबरठाही असतो. सुलभ केबिनचं दार साधारण ३२ इंचांचं, बाथरूम सपाट आणि आधाराच्या दांड्यांसह असतं. अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि आधी भरतात. सहा महिने आधी सांगितलंत तरच आम्ही ती नक्की मिळवून देऊ शकतो.

बाथरूमबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मुलं हमखास अडतात. जहाजावरचा संडास विमानासारखा हवेने ओढणारा असतो. बटण दाबलं की एकदम ‘फुस्स’ असा मोठा आवाज होतो. आवाजाला घाबरणारं मूल एकदा दचकलं की पुढचे तीन दिवस आत जायला नकार देतं, मग पोट बिघडतं आणि सगळी सफर त्यातच जाते. दोन आठवडे आधीपासून त्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावून रोज थोडं थोडं वाढवा. जहाजावर झाकण बंद करा, मुलाला बाहेर येऊ द्या, दार लावा आणि मगच बटण दाबा. दुसरी गोष्ट: तिथे बादली-मग नसतो आणि जेट स्प्रेही बहुधा नसतो. फक्त शॉवर असतो आणि पाय टेकवायला जागा जेमतेम. शॉवरखाली रडणाऱ्या मुलासाठी घरचा मग आणि घडी होणारी बादली घ्या. बादली रिकामी घडी केली की बॅगेच्या तळाशी सपाट बसते.

केबिनच्या भिंती आणि दारं बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, त्यांना चुंबक चिकटतो. लांबच लांब कॉरिडॉरमधली सगळी दारं सारखीच दिसतात, म्हणून मुलाच्या आवडीचं चित्र चुंबकाने दारावर लावा. रात्री दार उघडून बाहेर जाणाऱ्या मुलासाठी बॅटरीवर चालणारा दाराचा अलार्म आतून बसवा.

औषधं

सगळी औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात ठेवा आणि सफरीच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त घ्या. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव हवं. केबिनमधला फ्रिज बाटली गार करण्यापुरताच असतो. ठराविक तापमान लागणारं औषध जहाजाच्या दवाखान्यात ठेवायला मिळेल का, ते फॉर्ममध्येच विचारा. नेब्युलायझर, सक्शन मशीन, सीपॅप यांचीही आधी नोंद लागते. इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, भाताचा कुकर जप्त होतो, आणि बऱ्याच जहाजांवर एक्स्टेन्शन बोर्डही.

बोट लागू नये म्हणून आपल्याकडे सर्रास प्रोमेथाझिन दिलं जातं. फिट्सची औषधं घेणाऱ्या मुलाला ते न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नका, दोन्हींनी मिळून गुंगी वाढू शकते. दोन वर्षांखालच्या मुलाला तर द्यायचंच नाही. आणखी एक प्रश्न डॉक्टरांना निघण्याआधी विचारून लिहून घ्या: गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यायची का? समुद्रात हा प्रसंग हटकून येतो, आणि तिथे आपल्या डॉक्टरांना फोन लागेलच असं नाही. फिट्स असणाऱ्या मुलांच्या पालकांनी थिएटरच्या कार्यक्रमात झगमगते दिवे असतील का, हेही रोज विचारावं.

सिंगापूरहून क्रूझ घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. मिथाइलफेनिडेट, क्लोनाझेपाम, मिडाझोलामचा नाकातला स्प्रे अशी नियंत्रित औषधं सिंगापुरात नेण्याआधी तिथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. हा अर्ज निदान एक महिना आधी करा. च्युइंगम तिथे १९९२ पासून बंद आहे. सतत काहीतरी चावायला लागणाऱ्या मुलासाठी सिलिकॉनची चावणी घ्या. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. औषधाच्या वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि एक घड्याळ त्या वेळेवरच ठेवा. जहाज परदेशी बंदर करून सिंगापुरात परतत असेल तर व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, ते तपासा.

जहाजाच्या दवाखान्यात डॉक्टर असतात, पण न्यूरॉलॉजिस्ट नसतो आणि बिल खासगी दराने लागतं. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेचं एक लाखाचं संरक्षण म्हणजे प्रवास विमा नव्हे. प्रवास विमा घेताना मुलाचा आजार जाहीर करा आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात लिहिलेला आहे का, ते वाचा. आजार लपवलेला असेल तर दावा नाकारला जातो.

चढण्याचा दिवस

विमान असेल तर मदतीची मागणी निदान ४८ तास आधी नोंदवा. बौद्धिक किंवा विकासात्मक अडचण असलेल्या प्रवाशासाठी एअरलाइनचा कोड डीपीएनए आहे. फक्त ‘व्हीलचेअर’ म्हणून नोंद केली तर चालता येणाऱ्या ऑटिस्टिक मुलाला खुर्ची मिळते, पण हवी ती मदत मिळत नाही.

धक्क्यावर मोठ्या बॅगा घेतल्या जातात आणि काही तासांनी केबिनपाशी येतात. कधी रात्रीचं जेवण होईपर्यंत. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, दोन जोड कपडे, सहा-सात डायपर, कान झाकणारे हेडफोन, चित्रकार्डं, चार्ज केलेला टॅब आणि ठरलेला खाऊ हवाच. व्हिडिओ घरीच डाउनलोड करा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो किंवा दुसरं संवादाचं ॲप वापरत असाल, तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून ते चालतं का ते बघा. तरीही लॅमिनेट केलेली दहा कार्डं जवळ असू द्या: पाणी, शू, दुखतंय, पुरे, खोलीत जायचंय.

त्यानंतर सुरक्षा कवायत होते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावीच लागते, त्यातून सूट मागू नका. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. घरी टाळ्या वाजवून ‘सात लहान, एक मोठा’ असा खेळ घ्या. मुलाला पुढचं माहीत असलं की भीती बरीच कमी होते. काही जहाजांवर व्हिडिओ पाहून आपल्या ठिकाणी फक्त हजेरी लावायची असते. तसं असेल तर गर्दी होण्याआधी जाऊन या. लहान मापाचं लाइफ जॅकेट पहिल्याच तासात मागून घ्या आणि केबिनमध्ये एकदा घालून पाहा. जहाज सुटताना वरच्या डेकवर भोंगा फार मोठा वाजतो, त्या वेळी आतच थांबा.

मुलाच्या मनगटावर पट्टी हवी. तिच्यावर जहाजाचं नाव, केबिन नंबर आणि पालकांचा फोन. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढा. मूल दिसेनासं झालं तर आधी स्वतः शोधत बसू नका, लगेच जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा आणि तो फोटो दाखवा. त्याच वेळी एकाने तलावाकडे जायचं.

जेवण, किड्स क्लब, पाणी

जेवणाची पहिली पाळी आणि कोपऱ्यातलं ठरलेलं टेबल मागा. बुफेमध्ये ताटांचा खणखणाट असतो. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. एकाच ब्रँडची बिस्किटं खाणाऱ्या मुलासाठी ती दिवसांच्या हिशेबाने आणि वर दोन दिवसांची घ्या. साधा वरणभात, बिनमसाल्याची खिचडी आदल्या रात्री सांगितली तर बऱ्याच वेळा करून मिळते.

किड्स क्लबमध्ये एका मुलामागे एक माणूस मिळत नाही आणि तिथले कर्मचारी औषधं देत नाहीत. डायपर घालणाऱ्या मुलाला बहुतेक ठिकाणी क्लबमध्येही घेत नाहीत आणि मुख्य तलावातही. वयापेक्षा लहान गटात बसवता येईल का, हे विचारायला संकोच करू नका. काही कंपन्या तशी परवानगी देतात.

बंदरावर

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, पण भरती-ओहोटीप्रमाणे उतरायच्या शिडीचा उतार बदलतो. व्हीलचेअर असेल तर उतार कधी कमी असेल ते विचारून उतरा. सिंगापूरच्या सफरीत पेनांगला जहाज गावालाच लागतं, ते सगळ्यात सोपं. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूरला गाडीने तासापेक्षा जास्त लागतो. फुकेतला पातोंगसमोर छोट्या बोटींनी उतरावं लागतं. उतरायलाच हवं असं नाही. सगळे खाली गेलेले असताना तलाव, बुफे, खेळायची जागा रिकामी असते, आणि गर्दीने थकणाऱ्या मुलाचा सफरीतला सगळ्यात चांगला दिवस बऱ्याचदा तोच ठरतो.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्या नेल्या जातात. बाहेर ठेवण्याआधी हातातली पिशवी पुन्हा भरा: रात्रीची आणि सकाळची औषधं, सकाळचे कपडे, बूट, डायपर, हेडफोन आणि खाऊ. घरचा मगही आतच ठेवा, सकाळी अंघोळ करायची आहे.