जुन्या मोटरसायकलला टर्बो आणि फ्युएल इंजेक्शन: काम देण्याआधी हे वाचा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा. तो बसवायला आमच्याकडे येणारा ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो हॉर्सपॉवरचा. आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: गाडी रस्त्यावर चालवायची आहे की मिठावर पळवायची आहे? मीठ म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनव्हिलचं वाळलेलं मिठागर. जगभरातले वेगवेडे दर ऑगस्टला 'स्पीड वीक' या वेगाच्या स्पर्धेसाठी तिथे जमतात. या दोन कामांसाठी एकच इंजिन बांधता येत नाही. हे एकदा पटलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आमची कार्यशाळा पुण्यात, भोसरी भागात आहे. टर्बोची बरीचशी कामं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी ग्राहकांची असतात. त्यांची गाडी तिकडेच राहते. आम्ही इथून हेडर (एक्झॉस्टचे पाईप), प्लेनम (सिलिंडरांना हवा वाटणारी पेटी), थ्रॉटल बॉडीचे (हवेच्या झडपेचे) अडॉप्टर आणि कधी कधी बांधलेलं अख्खं इंजिन पाठवतो. भारतातल्या ग्राहकांसाठी टर्बोचं काम फक्त बंद ट्रॅकवर किंवा आंबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत उतरणाऱ्या गाड्यांवर करतो.

आधी कायदा, कारण यावरून फार गैरसमज आहेत

भारतात रस्त्यावर पासिंग असलेल्या गाडीवर आम्ही टर्बो बसवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या आणि कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलांत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कार्ब्युरेटर काढून नुसतं इंजेक्शन बसवायचं असलं तरी आधी आरटीओचं लेखी उत्तर आणा, मग आपण बोलू.

'माझी गाडी विंटेज आहे, तिला सूट असेल' असं काही जण म्हणतात. प्रत्यक्षात नियम उलटा आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. अशा गाडीची चेसी कापून तिच्यावर टर्बो चढवणं आम्हाला मनापासून पटत नाही. मूळ रूपात टिकलेल्या गाड्या थोड्या उरल्या आहेत. तुमची तशी असेल तर ती तशीच राहू द्या. टर्बोसाठी आधीच मोडतोड झालेली, इंजिन आणि चेसीचे मूळ नंबर न जुळणारी गाडी शोधा.

कोणतं इंजिन चालतं

बुलेट घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधीच नाही म्हणतो. कास्ट आयर्न बुलेट 350 चं इंजिन 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोकचं, 346 सीसी, ताकद 18 हॉर्सपॉवर. सिलिंडर एकच, त्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक्झॉस्टचा एकच धक्का बसतो. मधल्या वेळात टर्बोच्या पंख्याला काहीच मिळत नाही. शिवाय क्रँकवरचा फ्लोटिंग बुश आणि ऑईल पंपाची तुटपुंजी धार यांच्या जिवावर जास्तीचा दाब घेणं म्हणजे इंजिन घालवणं. 2018 मध्ये रॉयल एनफिल्डची गाडी बॉनव्हिलवर ताशी 157 मैलांनी धावली, याची आठवण ग्राहक करून देतात. ती दोन सिलिंडरची नवी 650 होती.

जावा, येझदी आणि आरडी 350 या टू-स्ट्रोक गाड्यांचं गणितच निराळं आहे. त्यांची ताकद सायलेन्सरमधून परत फिरणाऱ्या दाबाच्या लाटेवर उभी असते. तिथे टर्बो घातला की ती लाट बिघडते. हे काम आम्ही घेत नाही.

टर्बोला खरी मानवतात ती सत्तरच्या दशकातली जपानी चार सिलिंडरची इंजिनं. त्यातली दोन आमच्या विशेष ओळखीची. होंडा सीबी 750 ही 1969 ची, 736 सीसी, 67 हॉर्सपॉवर. तिच्या क्रँकला प्लेन बेअरिंग (रोलर नसलेले, ऑईलच्या थरावर चालणारे) आहेत, म्हणून ऑईलचा दाब चांगला असतो आणि टर्बोला ऑईल द्यायला अडचण येत नाही. कावासाकी झेड 1 बाजारात आली 1972 मध्ये, 903 सीसी, 82 हॉर्सपॉवर. तिचं कॉम्प्रेशन 8.5 ला 1, म्हणजे टर्बोसाठी आयतंच कमी. क्रँक रोलर बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे घर्षण कमी, पण ऑईलचा दाबही कमी. टर्बोकडे जाणाऱ्या ऑईल लाइनचा वेगळा विचार करावा लागतो, आणि प्रेस करून जोडलेला हा क्रँक जास्त ताकदीला पिनांवर फिरू नये म्हणून वेल्डिंग करून घ्यावा लागतो. सुझुकीच्या जीएस मालिकेतल्या रोलर क्रँकच्या इंजिनांनाही हेच लागू आहे.

कार्ब्युरेटर का नको

1978 मध्ये अमेरिकेत झेड 1-आर टीसी नावाची गाडी विकली गेली. कावासाकीच्या झेड 1-आर वर एका स्वतंत्र कंपनीने रेजे टर्बो बसवला होता आणि ती कावासाकीच्या वितरकांकडे मिळत असे, पण वॉरंटीशिवाय. तिच्यात एकच कार्ब्युरेटर टर्बोच्या अलीकडे होता. म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पंख्यातून आणि लांब पाईपातून फिरून सिलिंडरपर्यंत यायचं. थ्रॉटल पिळला तरी पिकअप उशिरा, थंड इंजिनात पेट्रोल पाईपाच्या भिंतीला चिकटून राहायचं, आणि मध्ये इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) घालायची सोय नव्हती.

इंजेक्शनमध्ये पेट्रोल इंजेक्टरमधून थेट इनलेट पोर्टच्या तोंडाशी पडतं. टर्बोपासून तिथपर्यंत नुसती कोरडी हवा असते, म्हणून ती मध्येच थंड करता येते. 1982 च्या होंडा सीएक्स 500 टर्बोने हा रस्ता दाखवला: 497 सीसीतून 82 हॉर्सपॉवर. 1984 च्या कावासाकी 750 टर्बोने तर टर्बो एक्झॉस्ट पोर्टच्या अगदी जवळ आणून बसवला आणि 738 सीसीतून 112 हॉर्सपॉवर काढली. आमच्या मते त्या काळातल्या कारखान्यातून निघालेल्या टर्बो गाड्यांत रचनेच्या दृष्टीने हीच सर्वात शहाणी, आणि आमचे हेडर त्याच विचाराने आखलेले असतात: पाईप आखूड, टर्बो पुढे, ऑईल गुरुत्वाकर्षणाने परत खाली येईल इतका उंचावर.

थंड हवेचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला जास्तीचा दाब; एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा. 35 अंशांच्या हवेला अर्धा बार बूस्ट दिला तर साध्या कॉम्प्रेसरमधून ती 90 अंशांच्या आसपास तापून निघते. तापलेल्या हवेत ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण ज्वाळेची वाट पाहत नाही, आपसूक पेटतं. त्याला आपण नॉकिंग म्हणतो. साध्या इंजिनात नॉकिंगचा नुसता आवाज येतो, बूस्टखाली मात्र तेच काही सेकंदांत पिस्टनच्या कडेला भोक पाडतं. म्हणून बूस्ट वाढेल तसं ठिणगीचं टायमिंग मागे घ्यावं लागतं आणि मिश्रण घट्ट करावं लागतं: पेट्रोलच्या एका भागाला 14.7 ऐवजी साधारण साडेअकरा ते बारा भाग हवा. हे प्रत्येक आरपीएमला आणि प्रत्येक दाबाला वेगवेगळं सांभाळायचं काम इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याच्यात भरलेल्या तक्त्यावरून करतो; त्या तक्त्याला मॅप म्हणतात. त्याला क्रँकवरच्या दातेरी चाकाकडून वेग कळतो आणि मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या पाईपाच्या) सेन्सरकडून दाब. पॉइंटवरचं जुनं इग्निशन इथे पूर्णपणे निघतं.

इंजेक्टरचं माप अंदाजाने घेत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनातून 100 हॉर्सपॉवर काढायची, तर बूस्टखालची पेट्रोलची भूक आणि इंजेक्टरला ठेवायची सवड धरून प्रत्येकी मिनिटाला सुमारे 200 मिली लागतं. मोठे इंजेक्टर घेतले की ताकद वाढते असं नाही. फार मोठे घेतले तर गाडी आयडलवर नीट राहत नाही आणि सिग्नलवर मिसिंग सुरू होतं.

टाकी आणि वायरिंग या दोन गोष्टींवर ग्राहक पैसे वाचवू पाहतात. तिथे वाचवू नका. जुन्या टाकीचा गंज कार्ब्युरेटर कसाबसा सहन करतो, इंजेक्टर करत नाही. टाकी आतून साफ करून, लायनिंग करून, जास्तीचं पेट्रोल परत आणणाऱ्या पाईपासाठी तिला वेगळं तोंड पाडल्याशिवाय आम्ही पंप जोडत नाही. पाईप तीन बारच्या वरचा दाब आणि पेट्रोलमधलं इथेनॉल सहन करणारे हवेत. आणि सीबी 750 चा अल्टरनेटर 210 वॉटचा आहे. त्यावर हेडलाइट, पंप, इंजेक्टर आणि इसीयू सगळं चालवायचं म्हणजे एकेक अँपिअरचा हिशेब आला.

रस्त्याची गाडी आणि मिठावरची गाडी

रस्त्यावर पूर्ण बूस्ट मिळतो तो काही सेकंद. ओव्हरटेक झालं की थ्रॉटल सुटतो आणि इंजिन श्वास घेतं. म्हणून रस्त्यासाठी लहान टर्बो, कमी बूस्ट, मूळ पिस्टन आणि लवकर मिळणारा पिकअप पुरतो. ट्रॅफिकमध्ये तापणार नाही आणि ब्रेक वेगाला पुरतील, याकडे जास्त लक्ष द्यायचं.

मिठावर तीन मैलांचा छोटा कोर्स असतो आणि पाच मैलांचा मोठा. तीन मैलांतही इंजिन एक मिनिटाहून जास्त काळ पूर्ण भाराखाली राहतं. रस्त्यावर वर्षभर नीट चाललेलं इंजिन इथे एका धावेत वितळू शकतं. इथे फोर्ज्ड पिस्टन, तांब्याचं किंवा अनेक पदरी पोलादाचं हेड गॅस्केट, मजबूत स्टड, लॉकअप क्लच (वेग वाढेल तसा जास्त घट्ट पकडणारा) आणि मोठा ऑईल कूलर लागतोच.

बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे 1,280 मीटर उंच आहे. हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकद घटते. टर्बो ती भरून काढतो, पण फुकटात नाही. समुद्रसपाटीला 0.7 बार बूस्टसाठी कॉम्प्रेसरला हवा 1.7 पट दाबावी लागते. सिलिंडरमध्ये तेवढाच दाब मिठावर हवा असेल तर जवळपास दुप्पट. टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते. पुण्यात जुळवलेला मॅप तिथे जसाच्या तसा वापरू नका, पहिल्या धावेला बूस्ट कमी ठेवा.

आणि बूस्टच्या आधी फेअरिंगचा, म्हणजे हवा कापणाऱ्या कवचाचा, विचार करा. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी 193 किलोमीटर जाणारी गाडी 240 ला न्यायची तर जवळपास दुप्पट ताकद लागते. चांगलं फेअरिंग आणि टाकीवर सपाट झोपणारा चालक यातला मोठा वाटा इंजिनाला हात न लावता देतात. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी 1967 मध्ये मुळातल्या 1920 च्या इंडियन स्काउटवर ताशी 184 मैल गाठले ते टर्बोशिवाय. घरी ओतलेले पिस्टन आणि गाडीभोवतीचं माशासारखं कवच, त्यावर ते झालं. आम्ही त्यांचा हिशेब वारंवार काढून बघतो.

स्पीड वीकमध्ये विक्रम लागतो तो दोन धावांच्या सरासरीने. पहिल्या धावेत जुना विक्रम मोडला की गाडी आयोजकांच्या ताब्यात जाते आणि दुसरी धाव दुसऱ्या दिवशी सकाळी होते. म्हणून एकदाच मोठा आकडा देणाऱ्या इंजिनापेक्षा दोनदा तोच आकडा देणारं इंजिन आम्ही बांधतो. नव्या चालकाला वेगाचं लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं. वर्गवारी, किल स्विचची दोरी, टायरचं वेगमान, कातडी पोशाख, हे सगळं त्या वर्षीच्या नियमपुस्तकात वाचा आणि मगच ऑर्डर द्या. मिठाचाही भरवसा नाही: 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन वर्षं स्पीड वीक रद्द झाला, एकदा पाण्यामुळे, एकदा मीठ खराब असल्यामुळे. विमानाचं तिकीट काढताना हे लक्षात ठेवा.

पहिल्या भेटीला काय आणाल

गाडीचे चारही बाजूंचे फोटो, इंजिन आणि चेसी नंबर, प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचं माप, आणि गाडीवर आधी कोणी काय काम केलं याची जमेल तेवढी माहिती. मिठावर जायचं असेल तर कोणत्या वर्गात उतरणार तेही. इंजिन उघडून क्रँक, बोअर आणि व्हॉल्व्ह सीट मोजल्यावरच आम्ही खर्चाचा आकडा लेखी देतो, फोनवर देत नाही. टर्बो सर्वात शेवटी बसतो. आधी इंजेक्शनवर, बूस्टशिवाय, गाडी किमान 500 किलोमीटर चालवून मॅप पक्का करतो. त्या टप्प्यावर तुम्ही स्वतः येऊन चालवून बघा. तेवढ्यावर समाधान झालं तर काम तिथेच थांबवता येतं आणि टर्बोसाठी घेतलेली आगाऊ रक्कम परत मिळते.